वैशाखात पाहिलेली गच्ची

मी नागपुरात पाणी गरम करायची यंत्रं बसवत होतो असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू द्या. ज्या गावात मे महिन्यात नळ सोडला की हात भाजतो, जिथं लोक आंघोळीचं पाणी पहाटे भरून सावलीत झाकून ठेवतात, तिथं मी दारोदार सांगत फिरायचो की बाई, तुमच्या गच्चीवर उन्हानं पाणी तापवून देतो. मलाही हसू यायचं. पण पगार मिळत होता.

शाळा माझी चौथीपर्यंत. दिवाळी अंकाच्या बाई घरी आल्या, म्हणाल्या, काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, पत्रा कापणाऱ्या माणसानं काय लिहायचं? त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. तर तसंच लिहितो आहे. एक सांगून ठेवतो. कामाबद्दल लिहायला बसलो तरी इंदू मध्ये मध्ये येणार. इंदू म्हणजे माझी बायको. ती गेली त्याला येत्या संक्रांतीला दोन वर्षं होतील. तिला बाजूला ठेवून लिहायचा प्रयत्न केला, दोन कागद फाडले. होत नाही.

हिंगण्याला आमच्या सेठचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाचं एक शेड, दोन वेल्डिंगची मशिनं आणि आम्ही सात माणसं. होळीच्या आधीपासून आम्ही कूलर बनवायचो. पत्र्याचा डबा, तीन बाजूंनी खस, आत पंखा. मृगाचा पाऊस पडला की हात रिकामे. म्हणून ऐंशी सालानंतर सेठनं पाण्याचं यंत्र काढलं. सरकारही तेव्हा ऊन वापरा, ऊन वापरा म्हणून मागे लागलं होतं, थोडी सूट देत होतं. म्हणजे अर्धं वर्ष आम्ही ऊन घराबाहेर ठेवायचं सामान बनवायचो आणि अर्धं वर्ष ऊन घरात आणायचं.

यंत्र अगदी साधं. दाराएवढी चपटी पेटी, आत तांब्याच्या नळ्या, नळ्यांना काळा रंग, वरून काच. पेटीच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी, तिला काचेच्या कापसाची गोधडी. पेटीतलं पाणी तापलं की हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली पेटीत उतरतं. पंप नाही, वीज नाही. दिवसभर असं फिरत राहतं आणि गोधडीमुळे दुसऱ्या दिवशी सकाळीही गरम मिळतं. पेटीचं तोंड दक्षिणेकडे करायचं, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडून जातो. बस, एवढीच विद्या. त्या काचेच्या कापसानं अंगाला अशी खाज सुटायची की विचारू नका. इंदू माझे कामाचे कपडे काठीनं उचलायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं यंत्र बसवून घेतलं आणि आठ दिवसांनी तक्रार केली की पाणी तापत नाही. जाऊन पाहतो तर काचेवर सतरंजी. "अरे भाऊ, हे काय?" तर म्हणतो, "धूळ बसते ना गा, एवढं महागाचं सामान. पाव्हणे आले की काढतो." दुसऱ्या एका घरी काचेवर ओळीनं मुगवड्या वाळत घातलेल्या. तिथली आजी मला म्हणाली, "वड्या लय छान वाळते बरं, अजून एक आणून दे." मी म्हटलं, "आजी, पाणी तापते का नाही?" ती म्हणाली, "ते मले मालूम नाई. मी विहिरीच्या पाण्यानं आंग धुते."

आता पैशाचं. आजकाल गल्लीतली पोरं वीज बनवायच्या पाट्या छतावर लावायला निघाली की मला विचारतात, काका, पैसे किती वर्षांत वसूल होतात? आमच्या वेळीही पहिला प्रश्न हाच. त्या काळात ज्या पैशात मोपेड येईल तेवढे पैसे यंत्राला लागायचे. सेठनं एक कागद छापला होता. महिन्याला इतका कोळसा, इतकं रॉकेल, गुणिले बारा, म्हणजे इतक्या वर्षांत यंत्र फुकट. मी तो कागद घरी नेऊन मोठ्या ऐटीत इंदूला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बारा महिने कोण तापवते वो पाणी नागपुरात? तुमी तापवता?"

"मी नाई तापवत."

"मंग चार महिने धरा. तुमच्या सेठले म्हणा, हिसाब तीनपट लांबला."

मी तोंडघशी पडलो. तीच पुढे म्हणाली, "महिने नोका मोजू. घरातली माणसं मोजा. म्हातारं हाये का, लेकरू हाये का, बाळंतीण येनार हाये का. त्याइले वैशाखातही गरमच लागते." माझ्या सगळ्या धंद्यात याहून खरा हिशोब मला कोणी शिकवला नाही. पुढे मी तसंच सांगायचो. घरात दोघंच धडधाकट असाल तर घेऊ नका, पैसे वाया जातील. सेठ चिडायचा. पण मी सांगितलं तिथं यंत्र टिकलं.

इंदूला हे कळायचं कारण तिचं कामच ते. ती बाळंतिणीला न्हाऊ घालायची. सकाळी तीन-चार घरं करायची. बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्यानं शेकून आंघोळ घालायची, मग बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची. सव्वा महिना हे चालतं, शेवटी लुगडं आणि ओटी. कळमेश्वरकडच्या खेड्यातली ती, तिच्या आईचंही हेच काम. थर्मामीटर आम्ही कारखान्यात वापरायचो, ती कोपर वापरायची. कोपर पाण्यात बुडवलं की तिला कळायचं.

तिच्याच ओळखीनं मी खोडेबाईंकडे गेलो. प्राथमिक शाळेत मास्तरीण, नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी रेखा. मी गेलो होतो कूलरची खस बदलायला, वैशाखात. त्या सुटीमुळे घरी होत्या. रेखाला दिवस गेले होते, पौषात बाळंत होणार, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी येणार. बाईंची शाळा सकाळची. पहाटे उठून बंब पेटवायचा, आणि शाळाही गाठायची, हे कसं जमणार याची त्यांना आतापासून काळजी. मी यंत्राचं सांगितलं. या घरात लागणार होतं, म्हणून मनापासून सांगितलं. शपथेवर.

त्यांच्या घराला दोन खोल्यांवर स्लॅब, बाकी कवेलू, म्हणजे कौलं. गच्ची लहानशी. मी दुपारी बारा वाजता वर चढलो. ऊन असं की माझी सावली माझ्याच पायाखाली. दक्षिणेला लागून गिरडेंचं घर, एक मजला उंच. बाईंची न्हाणी मागच्या अंगणात, गिरडेंच्या भिंतीजवळ, वर टिन. म्हणून मी पेटी गच्चीच्या दक्षिण टोकाला, न्हाणीच्या अगदी वर ठेवली. पाइप कमी लागला. एकट्या बाईचे तेवढेच पैसे वाचले म्हणून मी स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी नळ सोडला आणि बाईंनी हात मागे घेतला. "अगं बाई! हे तर उकळलंय!"

मी म्हटलं, "मग? आता त्या बंबाचं काय काम?"

त्यांचा तांब्याचा बंब होता, सासूच्या वेळचा, वजनदार. त्यांनी तो भांडेवाल्याला दिला आणि यंत्राचे राहिलेले पैसे भरले. माझ्या शब्दावर दिला, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

आश्विनापर्यंत यंत्र झकास चाललं. थंडी पडू लागली तसं पाणी कोमट झालं, पण बाई एकट्याच, त्यांनी तक्रार केली नाही. मार्गशीर्षात रेखा बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यातून घरी आणली आणि इंदू न्हाऊ घालायला गेली.

ती अकरा वाजता घरी आली ती पदर खोचूनच. माझी त्या दिवशी सुटी होती.

"तुमचं यंत्र मेलं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"कोपर घातलं तं गार. पोट्टी कुडकुडून राहिली, तिची माय दात वाजवून राहिली. मास्तरीणबाई शाळेत जायच्या आधी स्टोव्हवर पातेलं ठेवून गेली होती, त्यात बाळापुरतं झालं. रेखाले मी तशीच पुसून घेतली. रेशनचं रॉकेल आठ दिवस पुरन का? आन बंब तुमी इकायले लावला. जा, पाहून या."

मी सायकल काढली. गच्चीवर चढलो आणि पाहिलं. ऊन सगळ्या गावावर पसरलेलं. समोरच्या टिनांवर, झाडांवर, रस्त्यावर, सगळीकडे. आणि माझ्या पेटीवर गिरडेंच्या वरच्या मजल्याची सावली पालथी पडलेली. फक्त एका कोपऱ्याला हातभर उन्हाचा तुकडा. वैशाखात सूर्य डोक्यावर असतो, सावली पडतच नाही. मार्गशीर्षात तो खाली झुकून दक्षिणेनं जातो. हे मला माहीत होतं. पेटीचं तोंड दक्षिणेला करायचं हे मीच लोकांना शिकवायचो. पण त्याआधीची माझी सगळी कामं थंडीतली, गच्ची पाहिली की सावली दिसायचीच. वैशाखात पाहिलेली ही पहिलीच गच्ची, आणि मी वर बघून घराची उंची मोजली नाही, खाली बघून पाइप मोजला.

तेवढ्यात खोडेबाई शाळेतून आल्या. खालून म्हणाल्या, "काय झालंय हो? दुरुस्त होईल ना?"

आणि मी म्हटलं, "ढगाळ हवा आहे बाई. दोन दिवसांत होईल."

आभाळ निळंशार होतं. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि आत गेल्या. आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, विड्या लपवायला, उधारी टाळायला. ते सगळं विसरलो. हे विसरलो नाही.

घरी इंदूनं एकच विचारलं, "काय सांगून आले?" मी सांगितलं. ती ताट वाढत होती. "त्या पोट्टीले काय मालूम ढग कुठं हाये," ती म्हणाली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

सेठकडे गेलो. तो म्हणाला, "जागा गिऱ्हाइकानं दाखवली ना? कागदावर सही हाय ना? हलवायचे पैसे भरायला सांग." सही होती. मीच घेतली होती, बाईंनी न वाचता केली होती. हलवायचं तरी कुठं? त्या लहान गच्चीवर सावलीबाहेर फक्त कवेलू, त्यावर टाकीचं वजन पेलणार नाही. ऊन होतं ते गिरडेंच्या गच्चीवर.

आणि गिरडेंशी खोडेबाईंचं चार वर्षं बोलणं नव्हतं. गिरडेंनी वरचा मजला चढवला तेव्हा त्यांच्या पन्हळीचं पाणी खोडेबाईंच्या कवेलूवर पडू लागलं. त्यावरून तोंडातोंडी झाली, ती इतकी की सणासुदीलाही दोघी बायका एकमेकींच्या दारावरून पुढे जायच्या.

मी आधी खोडेबाईंकडे गेलो. ओट्यावर उभा राहून सरळ म्हटलं, "बाई, ढग नव्हते. जागा चुकली. चूक माझी."

त्या स्टोव्हला पिन मारत होत्या. म्हणाल्या, "जागा चुकली ते मला कालच दिसलं. मुलांची गणितं चुकतात, मी मारत नाही. पण उत्तर माहीत असून खोटं लिहिलं तर मारते."

"मारा."

"बाळ झोपलंय," त्या म्हणाल्या. "हळू बोला. काय करायचं ते सांगा."

मी गिरडेंच्या गच्चीचं सांगितलं. त्यांनी पिन खाली ठेवली. "त्यांच्या दारात मी जाणार नाही. उरलेलं आयुष्य स्टोव्ह फुंकीन."

इंदू आत रेखाचे केस पुसत होती. तिथूनच ओरडली, "तुमाले कोन जा म्हणते वं? मी जाते ना."

आणि गेली. मला मागे ओढून नेलं, चूक तुमची तर उभे राहा म्हणून. गिरडेबाई दारातच होत्या, धिप्पाड बाई, हातात सूप.

"काहून वं इंदू? तिनं पाठवलं का?"

"ती कायले पाठवन? तिले मालूम झालं तं माह्याच डोक्यावर पानी ओतन. तेही थंडं. गरम हायेच कुठं तिच्याजवळ?"

गिरडेबाईंना हसू आलं, त्यांनी ते सूप पुढे धरून लपवलं. "मंग काय पाहिजे?"

"ऊन."

"काय?"

"तुमच्या मजल्यानं तिचं ऊन खाल्लं. याइले इचारा, हे मोठे मिस्त्री, याइलेच दिसलं नाई." माझ्याकडे हात. "तं यंत्र तुमच्या गच्चीवर चढवू द्या."

मी मध्ये पडलो, कारण अर्धं सांगून काम घ्यायची आता हिंमत नव्हती. म्हटलं, "बाई, ऊनच नाही, पाणीही तुमच्याच टाकीतलं लागेल. खोडेबाईंची टाकी खालच्या गच्चीवर, पाणी वर चढणार नाही."

"वा रे वा!" गिरडेबाई म्हणाल्या. "गच्ची आमची, ऊन आमचं, पानी आमचं. मंग तिचं काय?"

"तिची नात," इंदू म्हणाली. "चार दिवसाची. तुमी पाह्यली का? नाई पाह्यली. माह्या तळहातावर झोपते."

गिरडेबाईंनी सूप खाली ठेवलं. आतून खोकल्याचा आवाज आला. त्यांची सासू खाटेवर होती, थंडीत गुडघे धरायचे. इंदूनं खाटेकडे पाहिलं. "आन आजीले सकाळी शेकाले एक बादली तुमीही घ्या. दोन घ्या. एक तोटी इकडंच बसवतीन हे."

"सासूबाईले इचारते," असं म्हणून गिरडेबाई वळल्या, तोवर खाटेवरूनच आवाज आला, "इचारू नोको, चढव!"

खोडेबाईंना हे सांगणं जास्त कठीण गेलं. त्यांच्या पैशाचं यंत्र दुसऱ्याच्या गच्चीवर, आणि त्यातलं पाणी ज्यांच्याशी बोलायचं नाही त्यांना. त्या बराच वेळ पाळण्याची दोरी ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "नळ बसवताना त्यांच्या बाजूचाही नीट बसवा. गळका नको."

रविवारी मी आणि गिरडे, दोघांनी मिळून टाकी दोरानं वर चढवली. गिरडे पोस्टात होते, मुलखाचे अबोल, पण दोर धरायला पक्के. लांब पाइप लागला, तो मी माझ्या पैशातून आणला, त्यावर पुन्हा काचेचा कापूस गुंडाळला, गिरडेही माझ्यासोबत खाजवत बसले. या वेळी मी गच्चीच्या चारी टोकांना उभा राहून पाहिलं. दक्षिणेला पुढं मोकळं मैदान होतं. सोमवारी दिवसभर ऊन पेटीवर पडलं. एक ढग येऊ नये म्हणून मी कारखान्यातून दहा वेळा बाहेर येऊन आभाळ पाहिलं असेल. सेठ म्हणाला, लघवीचा त्रास आहे का.

मंगळवारी सकाळी उजाडताना मी गिरडेंच्या गच्चीवर. निमित्त सांधे तपासायचं. खाली न्हाणीत इंदू रेखाला न्हाऊ घालणार होती. बाळंतिणीच्या न्हाणीपाशी पुरुषानं जायचं नसतं, म्हणून मला दिसत काहीच नव्हतं, टिनाच्या फटीतून फक्त आवाज यायचा. बादली ठेवल्याचा. नळ सोडल्याचा. माझ्या हाताखालचा पाइप गरम होत गेला, पण पाइप गरम झाल्यानं काय, पाणी लांबून येतं, वाटेत निवतं. इंदूचं कोपर काय म्हणतं ते खरं.

आवाज थांबला. नळ बंद झाला.  मनात म्हटलं, आता ही म्हणणार, मेलं.

आमच्याकडे कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याला इसन म्हणतात. पाणी अंग भाजेल इतकं तापलेलं असलं तरच ते लागतं.

"इसन आना वं कोनी!" इंदू खालून ओरडली. "लवकर आना, लय कढत हाये!"

खोडेबाई आत बाळाला धरून बसल्या होत्या, त्यांना उठता येईना. मी गच्चीच्या काठाशी गेलो. खाली पाहिलं तर गिरडेबाई आपल्या अंगणातून गार पाण्याची बादली घेऊन निघाल्या होत्या. चार वर्षं बंद असलेलं दोन अंगणांमधलं फाटक त्यांनी कोपरानं ढकललं, पाणी हिंदकळलं, लुगडं भिजलं.

"आनते, आनते," त्या म्हणत होत्या, "पोट्टीले भाजू नोको माय, आनते."